खुर्ची घेऊन येणारे काका

मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावातल्या मराठी माणसांत खुर्चीसाठी भांडणारे पुष्कळ आहेत. मंडळाची निवडणूक जवळ आली की ते बरोबर ओळखू येतात. पण स्वतःची खुर्ची स्वतः उचलून आणणारा माणूस मी एकच पाहिला. मुलांच्या सॉकरच्या मॅचला आईबाप नेतात ना, तसली घडीची, हिरव्या कापडाची खुर्ची त्यांच्या गाडीच्या डिकीत बारा महिने पडलेली असे. कुणी "काका, आमचा कॉम्प्युटर जरा बघाल का?" म्हटलं, की काका ती खुर्ची काढत, त्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी मांडत आणि बसत. दिवसभर बसत. कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावत नसत. त्यांचं खरं नाव मंडळाच्या यादीत होतं, पण लहानथोर सगळे त्यांना खुर्चीकाकाच म्हणत.

काका मूळचे कराडचे. सत्तरच्या दशकात इकडे आले आणि तीस वर्षं एका मोटार कंपनीत ब्रेक तपासण्याचं काम केलं. निवृत्तीनंतर लोक गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात. काकांनी लोकांचे कॉम्प्युटर बघायला घेतले. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, किराणा दुकान, देवळाचं ऑफिस, सगळीकडे त्यांची ये-जा. मोबदला म्हणाल तर दुपारचा डबा. तोही त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाबरोबर, त्याच्याच टेबलावर. मालकाने बाहेर जेवायला नेतो म्हटलं तर काका म्हणत, "तुमच्याबरोबर जेवून मला काय कळणार?" मालकांना हे फारसं आवडत नसे. मीही एक मालकीणच, त्यामुळे मला ठाऊक आहे.

एकदा किराणा दुकानाच्या मालकाने त्यांना बोलावलं. बिल करायचा कॉम्प्युटर फार सावकाश चालतो, नवा घ्यावा की त्यातली सिस्टीम बदलावी, असा त्याचा प्रश्न होता. काका दिवसभर गल्ल्यावरच्या बाईंशेजारी बसले. संध्याकाळी उठताना म्हणाले, "कॉम्प्युटर ठीक आहे. प्रिंटर तेवढा उजवीकडे आणा. बाई प्रत्येक बिलाला उठून पलीकडे जातात." मालक रागावला. एवढं सांगायला अख्खा दिवस? काका शांतपणे खुर्ची मिटत म्हणाले, "ब्रेक तपासताना आम्ही आधी गाडी नाही बघायचो, बरं का. आधी चालवणाऱ्याचा पाय बघायचो."

गेल्या उन्हाळ्यात मात्र आमच्या गावात एक वेगळाच विषय पेटला. आम्हा सगळ्यांच्या धंद्यातल्या कॉम्प्युटरवर जी जुनी विंडोज होती, तिच्या दुरुस्त्या शरद ऋतूत बंद होणार होत्या. नवी आवृत्ती घ्यावी, तर निम्म्या जुन्या कॉम्प्युटरवर ती चढत नव्हती. नाहीतर लिनक्ससारख्या ओपन सोर्स सिस्टीमवर जावं. तिची आतली सगळी घडण कुणालाही उघडून बघता येते, बदलता येते, आणि ती फुकट मिळते. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आयटीतली पोरं दोन तट पडून भांडायची. "अरे यार, अपग्रेड कर आणि मोकळा हो," असं एक म्हणे. दुसरा म्हणे, "का म्हणून? चांगलं मशीन फेकून द्यायचं?" काका कोपऱ्यात चिवडा खात बसलेले. त्यांच्या घरी वीस वर्षं लिनक्सच आहे, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून एकाने त्यांना ओढलं. "काका, सांगा ना यांना. फुकट मिळतंय तर घ्यायला काय जातं?"

काकांनी तोंडातला घास संपवला. "फुकट मिळालं म्हणून मांजर पाळू नये. दूध रोज लागतं."

पलीकडचा तट खूश झाला. तेवढ्यात काका त्यांच्याकडे वळले. "आणि विकत घेतलं म्हणजे आपलं झालं, असंही नाही. घरमालक कधीही कुलूप बदलतो."

दोन्ही तट गुलाबजाम घ्यायला उठले. मी तिथेच होते. मला राग आला, कारण मला उत्तर हवं होतं आणि काकांनी दोन्ही दारं लावून घेतली होती. मी नागपूरची, आम्हाला हो की नाही ते लगेच लागतं. मी त्यांना गाडीपाशी गाठून विचारलं, "काका, पण तुमचं स्वतःचं मत काय?" ते म्हणाले, "कॉम्प्युटर जुना होत नसतो अनघा, त्याला जुना ठरवतात. मलाही कंपनीने असंच एका पत्राने ठरवलं होतं. त्या दिवशी सकाळी मी चांगला होतो." आणि हसून गाडीत बसले. हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

आता माझ्या दुकानाबद्दल सांगायला हवं. रस्त्यालगतच्या दुकानांच्या रांगेत, एका बाजूला नेल सलून आणि दुसऱ्या बाजूला पिझ्झावाला, मध्ये माझं भरतकामाचं दुकान. शाळेच्या टीमची जॅकेटं, हॉटेलातले एप्रन, कारखान्यातल्या कामगारांच्या शर्टांवरची नावं. भरायचं मशीन सहा डोक्यांचं, म्हणजे एका वेळी सहा शर्ट लावायचे आणि सहांवर एकच चित्र एकदम भरलं जातं. दुकानात तीन कॉम्प्युटर. एक पुढे ऑर्डर घ्यायला, एक माझा, आणि एक मशीनला जोडलेला. हा तिसरा कुसुममावशींचा.

कुसुममावशी इचलकरंजीच्या. यजमान गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. त्या माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या सुनेबरोबर, आणि टेबलावर पडलेल्या एका शर्टाची उलटी बाजू बघून म्हणाल्या, "दोरा ओढलाय गं तुझ्या मशीनने." मी दुसऱ्या दिवशीपासून त्यांना कामावर घेतलं. त्याला आता चौदा वर्षं झाली. गिऱ्हाइकाचं चित्र टाक्यांत उतरवायचं, कुठे दाट भरायचं, कुठे विरळ, कापड आकसेल तर किती मोकळं ठेवायचं, हे त्यांच्याइतकं मिशिगनमध्ये कुणाला येत असेल असं मला वाटत नाही. सकाळी नऊला सून त्यांना सोडून जायची. मंडळात कुणी विचारलं की मावशी मान ताठ करून सांगायच्या, "मी कामाला जाते. भरतकामाच्या कारखान्यात." दोन खोल्यांच्या माझ्या दुकानाला कारखाना म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

माझी मुलगी रिया व्हर्जिनियात, हर्नडनला असते. कॉम्प्युटर हेच तिचं काम. ऑगस्टमध्ये ती दोन दिवसांसाठी आली आणि रविवारी मला न सांगता दुकानात जाऊन बसली. मावशींचा कॉम्प्युटर जुना, नवी विंडोज त्याला चालणार नाही असं कंपनी म्हणत होती. पण रियाने काय खटपटी केल्या कोण जाणे, ती त्यावर चढवली. भरतकामाच्या प्रोग्रॅमचीही नवी आवृत्ती घातली. "आई, सरप्राइज! मावशींचं मशीन आता सो मच फास्टर आहे." प्रेमानेच केलं होतं तिने. तिच्या पिढीला प्रेम करायला एवढा एक मार्ग येतो. मी तिला जवळ घेतलं आणि विमानतळावर सोडून आले.

सोमवारी मंडळाच्या गणपतीच्या स्वयंसेवकांचे भगवे शर्ट भरायचे होते. मावशींनी सहा शर्ट लावले, यादीतलं सगळ्यात वरचं चित्र निवडलं, मशीन सोडलं आणि डबा खायला गेल्या. त्या यादीत आजवर सगळ्यात नवी ऑर्डर सगळ्यात वर असायची. नव्या आवृत्तीने यादी अक्षरांप्रमाणे लावली होती. आणि या देशात प्लंबर लोक आपलं नाव यादीत पहिलं यावं म्हणून धंद्याचं नाव मुद्दाम 'ए'ने सुरू करतात. मावशी परत आल्या तेव्हा सहाही भगव्या शर्टांच्या छातीवर ठिबकणारा नळ, खाली फोन नंबर आणि 'चोवीस तास सेवा'.

तसले शर्ट परत मागवायला वेळ नव्हता. सहा स्वयंसेवक ते घालूनच उत्सवात वावरले. अध्यक्ष म्हणाले, "स्वयंसेवकाला शोभेलसंच आहे की, चोवीस तास सेवा." सगळे हसले, मीही हसले. दोन जणांनी तर खरोखरच आपला बेसिनचा नळ गळतोय म्हणून त्यांच्याकडे चौकशी केली. मावशी हसल्या नाहीत. रियाने हर्नडनहून फोनवर शंभरदा सॉरी म्हणत सगळं पूर्ववत केलं, आणि मला वाटलं, विषय मिटला.

मिटला कसला. सप्टेंबरमध्ये आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून एक फॉर्म आला. मोटारीचे सुटे भाग बनवणारी कंपनी, कामगारांचे सगळे शर्ट आमच्याकडून भरून घेते. फॉर्ममध्ये विचारलं होतं, तुमचे सगळे कॉम्प्युटर दुरुस्त्या मिळणाऱ्या सिस्टीमवर आहेत का? महिनाअखेरीपर्यंत 'हो' असं उत्तर आलं नाही, तर काम दुसरीकडे. हे काम गेलं असतं तर दुकान चालवण्यात अर्थ नव्हता. मी ठरवलं, तिन्ही कॉम्प्युटर नवे, तिन्हींवर नवी विंडोज, नवा प्रोग्रॅम, विषय संपला. फक्त कुणा जाणत्याने मान डोलवावी म्हणून काकांना फोन केला. ते आले, हिरवी खुर्ची घेऊन, आणि मावशींच्या शेजारी बसले.

पहिल्या दिवशी मावशी वैतागल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे काय गं, परीक्षेला बसवल्यागत. मागून कुणी बघत असलं की माझे हात चालत नाहीत." मी काकांना सांगितलं. त्यांनी खुर्ची फिरवली आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करून बसले. "आता कान आहेत फक्त," ते म्हणाले. दुपारपर्यंत मावशी विसरून गेल्या आणि काम करताना स्वतःशी पुटपुटू लागल्या. तिसरं खालून. डावीकडचं दुसरं. मग पिवळं. मग मोठं चौकोनी.

चौदा वर्षांत मी हे पुटपुटणं रोज ऐकलं होतं. मला वाटायचं देवाचं काहीतरी म्हणतात.

दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. काका गाडीतून डबा काढत होते, तिथे जाऊन म्हटलं, "काका, किती दिवस बसणार? फॉर्म भरायचाय. नवे कॉम्प्युटर यायला तीन आठवडे लागतात. काय बाप्पा, एवढं काय बघायचं असतं त्यात?"

काका डिकीच्या कडेवर टेकले. म्हणाले, "तुला आमची शालिनी आठवते ना?"

शालिनीकाकू मला आठवत होत्या. एका मराठी डॉक्टरांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर अठरा वर्षं होत्या. पेशंटांची नावं, त्यांच्या पोरांची नावं, कुणाला कोणतं औषध सोसत नाही, सगळं त्यांना पाठ. जाऊनही त्यांना आता पाच-सहा वर्षं झाली होती.

"डॉक्टरांनी मला विचारलं, सिस्टीम बदलायची का," काका सांगू लागले. "तेव्हा मला ओपन सोर्सचं वेड होतं. मी म्हटलं, लाँग वीकेंड द्या. शुक्रवारी रात्री गेलो, सोमवारी संध्याकाळी सगळा दवाखाना बदलून ठेवला. एक ओळ इकडची तिकडे नाही. घरी आलो, तिच्या हातचं पिठलं खाल्लं, पण तिला एक शब्द सांगितला नाही. म्हटलं, उद्या बघेल आणि खूश होईल. मंगळवारी ती कामावर गेली. तीन आठवड्यांनी म्हणाली, आता पुरे, घरी बसते. मला वाटलं, थकली असेल. मी केक आणला."

त्यांनी डबा शेजारी ठेवला. "शेवटच्या आजारात म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, सहज. म्हणाली, त्या मंगळवारी मला वाटलं, कुणीतरी माझं स्वयंपाकघर रात्रीतून उचलून दुसऱ्याचं आणून ठेवलंय. मीठ कुठे आहे ते माहीत नाही आणि पाहुणे ताटावर बसलेत. मी म्हटलं, अगं मग मला का नाही विचारलंस? घरातच होतो ना मी. तर म्हणाली, तुम्ही केक आणला होतात."

 काकांनी डबा उचलला. "माझं काम बरोबर होतं अनघा. आजही त्यात चूक सापडणार नाही. तिला विचारलं नाही, एवढंच." आणि ते आत गेले. मीही मागोमाग गेले, पण घाई करायची माझी हिंमत राहिली नाही.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर काकांनी आम्हा सगळ्यांना मावशींच्या टेबलापाशी बोलावलं. रियाला फोनवर घेतलं. रिया म्हणाली, "आय थिंक अपग्रेड, पण या वेळी मावशींना ट्रेनिंग देऊ या." मी म्हटलं, अपग्रेडच. आम्हा दोघींना वाटलं, काका आता लिनक्सची बाजू मांडतील. त्यांनी मावशींकडे बघितलं. "कुसुमताई, तुमचं काय म्हणणं?"

"मला विचारताय?" मावशी इकडेतिकडे बघत म्हणाल्या.

"त्याच्याशी बोलता तुम्हीच."

मावशींनी हातातली कात्री खाली ठेवली. मग पदर नसतानाही पदर सावरल्यासारखा हात गळ्याशी नेत म्हणाल्या, "मला इंग्रजी वाचता येत नाही असं नाही हो. सावकाश वाचलं तर येतं. पण वाचायच्या आधीच घाबरायला होतं. म्हणून मी वाचतच नाही. जागा पाठ केल्यात. जागा हलल्या की मी आंधळी." आणि मग, चूक कबूल करावी तसं हळूच, "ते मराठीत नाही का होत?"

 मला आधी हसू आलं आणि मग हसू आल्याची लाज वाटली. विकतच्या प्रोग्रॅममध्ये भाषा होत्या डझनभर, त्यांत मराठी नव्हती, आणि आपण घालायची सोय नव्हती. काकांनी मात्र मांडीवर थाप मारली. एवढं आनंदलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "होतं! भरतकामाचा खुला, ओपन सोर्स प्रोग्रॅमही मिळतो, त्यात शब्दांची फाइल वेगळी असते. तुम्ही सांगा, मी लिहितो. पण पुस्तकी मराठी नको हं. तुमचं सांगा."

पुढचे दोन दिवस माझ्या दुकानात काय चाललं होतं, ते मी जन्मभर विसरणार नाही. प्रोग्रॅममध्ये बटणं शेकड्यांनी, पण काकांनी खिडकीकडे तोंड करून मोजलं होतं, मावशी अकराच वापरतात. त्या अकरांना मावशी नावं देत होत्या आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका दोन बोटांनी टाइप करत होते. केलेलं मागे घ्यायचं बटण, त्याला मावशी म्हणाल्या, "उसव." काम जपून ठेवायचं, ते "घडी घाल." चित्र उलटं करायचं, ते "आरसा." मशीन सुरू करायचं, ते "सोड." काका प्रत्येक शब्द दोनदा म्हणून बघत. "उसव! वा! आम्ही इंजिनियर लोक 'पूर्ववत करा' असलं काहीतरी लिहून बसलो असतो." कोणतं बटण कुठे हवं, तेही मावशींनीच ठरवलं. 'उसव' त्यांनी अगदी हाताशी ठेवलं. म्हणाल्या, "तेच सारखं लागतं माणसाला."

शेवटी ठरलं ते असं. पुढचा कॉम्प्युटर जुनाच ठेवून त्यावर लिनक्स घातलं, कारण त्यावर ईमेल आणि ऑर्डरी एवढंच काम. माझा नवा घेतला, नव्या विंडोजचा. काकांनी मला त्याबद्दल एक शब्द सुनावला नाही. "तुला त्याची सवय आहे आणि तुला धीर नाही. तुझ्यासाठी तेच बरं," एवढंच म्हणाले. आणि मावशींना वेगळ्या कॉम्प्युटरवर लिनक्स, त्यांच्या स्वतःच्या शब्दांतलं. त्यांचा जुना कॉम्प्युटर इंटरनेटवरून तोडून शेजारीच ठेवला, नवीन जमलं नाही तर परत जायला. फॉर्ममध्ये काकांनी यातलं काहीएक लपवलं नाही. जुना एक आहे, त्याला बाहेरचं जग दिसत नाही, असं स्वच्छ लिहिलं. गिऱ्हाइकाच्या कंपनीतून एका माणसाचा फोन आला.  काका त्याच्याशी पाऊण तास बोलले, आणि शेवटी तोच माणूस काकांना आपल्या घरच्या कॉम्प्युटरबद्दल विचारत होता. काम आमच्याकडेच राहिलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र कुणी समजू नये. मांजराला दूध लागतं म्हणतात ते खोटं नाही. पहिला आठवडाभर मशीनला नव्या प्रोग्रॅमच्या फाइली पचेनात. अक्षरांच्या कडेला कापडाला चुण्या पडायला लागल्या. एका शाळेची जॅकेटं चार दिवस उशिरा गेली आणि मला त्यांच्या कोचची बोलणी खावी लागली. काका रोज सकाळी नऊला हजर. एका रात्री त्यांनी हा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांपैकी कुणा परदेशातल्या माणसाला पत्र लिहिलं, आणि त्या ओळखीच्या ना पाळखीच्या माणसाने तिसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवली. मी मनातून अपग्रेडवालीच. त्या दिवसांत मी स्वतःला शंभरदा म्हटलं असेल, कशाला पडले या भानगडीत. पण मावशींचं पुटपुटणं बंद झालं होतं. त्या वाचत होत्या. सहा आठवड्यांनी एका सकाळी त्यांनीच जुन्या कॉम्प्युटरची वायर काढून गुंडाळून ठेवली. कुणाला विचारलं नाही.

काकांची आणखी एक अट होती. एकाच माणसावर दुकान टांगू नये. मावशींचं काम दुसऱ्या कुणाला तरी आलं पाहिजे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला रिया आली, तेव्हा त्यांनी तिला मावशींच्या शेजारी बसवलं. आमची रिया मराठी बोलते, पण वाचता येत नाही. पडद्याकडे बघून ती घाबरलीच. "मावशी, व्हॉट डझ धिस वन से?" मावशी चष्मा सावरून, शाळेतल्या बाईंच्या थाटात म्हणाल्या, "सावकाश वाच. घाई नको. घ, मग ड ला दुसरी वेलांटी." रियाने दोन दिवसांत तीनदा चुकीचं बटण दाबलं आणि एका टोपीवर शाळेचं नाव उलटं भरलं. मावशी तिला एकदाही रागावल्या नाहीत. निघताना रिया गाडीत मला म्हणाली, "आई, आय फेल्ट सो स्टुपिड. मी मावशींना ऑगस्टमध्ये असंच केलं होतं ना?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

डिसेंबरमध्ये काकांचा मुलगा त्यांना टेक्सासला, फ्रिस्कोला घेऊन गेला. हात थरथरायला लागले होते आणि इकडच्या बर्फात त्यांना एकटं ठेवायला तो तयार नव्हता. जाण्याआधी ते दुकानात आले. मला वाटलं, निरोपाचं काही बोलतील. ते मावशींशी अर्धा तास मोहरीची फोडणी आणि पुलाव यांवर बोलले. दारातून माझ्याकडे बघून म्हणाले, "येतो गं." काका निरोपाच्या बाबतीत कायमच कच्चे होते.

मार्चमध्ये मुलाचा फोन आला. काका झोपेतच गेले. मी फोन ठेवला आणि किती तरी वेळ माझ्या नव्या कॉम्प्युटरकडे नुसती बघत राहिले. मग मागे जाऊन मावशींना सांगितलं. मशीन चालू होतं. मावशींनी ते बंद केलं नाही. सहाही जॅकेटं पुरी होईपर्यंत उभ्या राहिल्या, एकेक करून उतरवली, धागे कापले, घड्या घातल्या. मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "तुला एक सांगायचं राहिलंय."

मी बसले.

"त्या नळाच्या शर्टांनंतर मी पोराला सांगितलं होतं, मला आता इचलकरंजीला परत धाड. इथं घरात बसून मी काय करू? त्याने तिकीटही काढलं होतं. ऑक्टोबरचं. जायचं तेवढं. यायचं नाही."

 मी म्हटलं, "मावशी, मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस गं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. चौदा वर्षं मी त्यांच्या टाक्यांवर दुकान चालवलं, आणि त्या सप्टेंबरमध्ये तीन नव्या कॉम्प्युटरचा बेत केला, त्यात हे माणूस कुठेच नव्हतं. माझी मला फार लाज वाटली. "काकांना माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी डबा खाताना बोलले मी. म्हटलं, तुम्ही उगाच बसताय, मी चाललेय. त्यांनी तुला सांगू का विचारलं, मी नको म्हटलं. नाही सांगितलं त्यांनी." मावशींनी बाहीने डोळे पुसले. "म्हणाले, जायचं तर खुशाल जा कुसुमताई. पण घाबरून जाऊ नका. कंटाळा आला की जा."

"आणि तिकीट?"

"रद्द केलं पोराने." त्या उठल्या आणि पुढची सहा जॅकेटं ओढून मशीनवर लावू लागल्या. "अजून काही मला कंटाळा आलेला नाही."